या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत

पोर्वेनीरच्या टेलिफोन एक्स्चेंजात मी एकोणतीस वर्षं बसले.
झ्लाता यूत्रोविच. आजोबा क्रोएशियातून इथं सोनं शोधायला आले,
त्यांना सापडली मेंढरं.
आणि वारा.
आमच्या बेटाच्या मधून सरहद्द जाते,
कुणीतरी लांब बसून पट्टीनं आखलेली.
मेंढरांना ती कधीच पटली नाही.

त्या डिसेंबरात दोन्हीकडून तोफा आल्या.
शाळेच्या खिडक्यांत वाळूची पोती.
माझी बहीण पलीकडे, रिओ ग्रान्देत, दिवस भरलेली.
तिला मुलगा झाला की मुलगी
हे कळायला मला मार्च उजाडला.

अठरा तारखेला धुकं उतरलं
आणि पलीकडची सात पोरं वाट चुकून
आमच्या हद्दीत, मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये, येऊन निजली.
उष्ण नदीकाठची पोरं, आपसात ग्वारानी बोलणारी,
बोटं गारठून वांग्याच्या रंगाची.

त्यांची राजधानी म्हणाली, पळवलीत.
सकाळी सहाच्या आत परत करा.
आमची म्हणाली, कोण पोरं?

ऐकणं माझं काम नव्हतं. जोडणं होतं.
पण जोडताना क्षणभर कान आत राहतोच,
दारात बोट राहावं तसा.
एक मऊ आवाज आमच्या कर्नलला सांगत होता:
सहा वाजून जाऊ देत.
मग ती सापडली नाहीत तरी चालेल.
आणि त्याच दमात त्यानं
कर्नलच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

मी कानांवर हात ठेवू शकले असते.
हात तिथंच होते, हेडफोनवर.

एकच फोन केला, नोंदवहीत न लिहिलेला.
एउलोखियो बारिया, कातरणीवाला, झोपेतून उठून ऐकत राहिला.
म्हणाला, लोकर परवा न्यायची होती. आत्ता नेतो.
बस्स. मोहीम वगैरे शब्द
आमच्या दोघांच्याही तोंडी कधी आला नाही.

इथली डिसेंबरातली रात्र म्हणजे एक उचकी.
दहानंतरही आभाळ राखाडी, चारच्या आत पुन्हा उजेड.
लपायला अंधार पुरत नाही,
म्हणून लोकर. सात पोरं, चाळीस गासड्या.

तीन वाजून सहा मिनिटांनी माझ्या बोर्डावर
नाक्याचा दिवा लागला.
सार्जंट म्हणाला, कर्नलसाहेबांना जोड. एक ट्रक आहे.
मी म्हणाले, सर्व लाइन्स व्यस्त आहेत.
बोर्डावर एकही लाइन चालू नव्हती.
थोड्या वेळानं पुन्हा दिवा. व्यस्त.
पुन्हा.
या वेळी कोण बोलतंय गं एवढं?
साहेबांच्या बाई, मी म्हणाले, आईशी.
तो हसला. रिसीव्हर हातातच होता त्याच्या,
मला इंजिन ऐकू येत होतं, ताडपत्रीची फडफड,
आणि मग, स्पष्ट,
एक शिंक.

मी श्वास घेतला नाही. त्यानंही नसावा.
किती वेळ गेला. वारा तेवढा बोलत राहिला.
शेवटी तो हळूच म्हणाला,
लोकरीला सर्दी झालीय.
आणि आडवा बांबू वर गेल्याचा आवाज आला.

त्याचं नाव मी विचारलं नाही.
घरी त्याचीही पोरं असतील, किंवा नसतीलही.
तो दुसऱ्या दिवशी बदलून गेला.

सहा वाजले. खाडीवर बदकं उठली.
दुपारच्या बातम्यांत हवामान, आणि लोकरीचा भाव.

बारियानं काटेरी तारेवर दोन गासड्या टाकल्या होत्या,
पोरांचे पाय फाटू नयेत म्हणून.
त्या पलीकडे पडल्या. त्याबद्दल त्याला दंड झाला:
विनापरवाना लोकर निर्यात.
चार हप्ते. दोन मी भरले.

मार्चमध्ये पलीकडची लाइन सुरू झाली
तेव्हा पहिला कॉल मी माझाच लावला.
मुलगी, बहीण म्हणाली. रडवी आहे, ऐक.
बोर्डावर पाच दिवे लुकलुकत होते.
मी कान काढला नाही.